दातवाले आणि हिरडीवाले

"मेलात तुम्ही."

"कुठं मेलो? थांब जरा. मणी बघू दे."

"बघा, बघा. मेल्यावर माणसाला कसली घाई?"

कवळीवाल्यानं चष्मा वर ढकलला आणि टेबलावर ओणवा झाला. त्याच्या पांढऱ्या विमानाच्या तारेतला मणी तिसऱ्या खुणेवर होता. बायकोच्या गुलाबी विमानाचा मणीही तिसऱ्याच खुणेवर. म्हणजे दोघं एकाच उंचीला. आणि तिच्या विमानाचं नाक ह्याच्या शेपटाला असं चिकटलेलं, की मधी काडेपेटीही मावली नसती.

"फासे टाकू, का आधी रडून घेताय?"

"टाक."

तिनं टाकले. सहा आणि पाच. किती पडले तेही न बघता ती उठली, कारण आत दूध वर यायला लागलं होतं. आतूनच ओरडली, "ते दुसरं जाडंही काढून ठेवा. पुढच्या चालीत तेच मरणार आहे."

जाडं म्हणजे बॉम्ब टाकणारं विमान. बायको लढाऊ विमानांना 'बारकी' म्हणायची आणि बॉम्बवाल्यांना 'जाडी'. या खेळाचं याहून जास्त ज्ञान तिनं कधी पदराला बांधलं नव्हतं. पुढच्या चालीत ते दुसरं जाडं मेलंच.

"अगं, पण तुझी चारच होती की!" कवळीवाला रिकाम्या टेबलाकडं बघत म्हणाला. "माझी तीन बारकी, दोन जाडी. उंचीही माझीच जास्त."

"मग मी काय करू? हरू मुद्दाम?"

"छे, छे. मुद्दाम नको. म्हणजे तुझी बाजू अजून जड आहे." त्यानं एक गुलाबी विमान उचललं आणि खोट्या दातांच्या डब्यात टाकलं. "आता तीन."

"सगळीच काढा. नुसते फासे घेऊन बसते."

कवळीवाला माणूस कवळ्या करायचा. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं. घराची पुढची खोली म्हणजे त्याचा कारखाना: प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीनं मांडलेले, घासायचं चाक, मेणाचा दिवा, आणि सगळ्यावर पिठाच्या गिरणीत असते तशी पांढरी धूळ. हिरडीचा गुलाबी मसाला आणि दाताचा पांढरा मसाला रोज थोडा थोडा उरायचा. दुसऱ्या कुणी फेकून दिला असता. ह्यानं विमानाचे साचे केले आणि उरलेला मसाला त्यात ओतत गेला. असं करता करता त्याच्याकडं दोन हवाई दलं उभी राहिली, एक पांढरं आणि एक गुलाबी. ज्या मंडळात तो रविवारी खेळायला जायचा तिथं त्यांना नावंही पडली होती: दातवाले आणि हिरडीवाले. स्वतः विमानात तो उभ्या जन्मात बसला नव्हता. शिडीवर दोन पायऱ्या चढायच्या तरी त्याला खालून कुणीतरी शिडी धरून ठेवावी लागायची.

मंडळ भरायचं वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जाळी काढलेल्या टेबल टेनिसच्या टेबलावर. खेळ सोपा होता. प्रत्येक विमान एका उभ्या तारेवर, तारेवर सरकणारा मणी. मणी वर तर विमान वर, मणी खाली तर विमान खाली. प्रत्येकानं आपली चाल पत्त्यावर ठरवायची, वर, खाली, डावी, उजवी, का सरळ, आणि पत्ता पालथा ठेवायचा. मग सगळ्यांनी एकदम उलटायचा. कुणी कुणाच्या मागं, एकाच उंचीवर आला, तर फासे: मोठं दान पडलं की पुढचं विमान मेलं.

या खेळात कवळीवाला म्हणजे गावजेवणातला पाट होता. जो येईल तो बसून जायचा. वर्षानुवर्षं खेळून त्यानं तिथं एकही डाव जिंकला नव्हता. पोरासोरांनी हरवलं, पोस्टमननं हरवलं, एकदा तर पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमननं शिडीवरून उतरून हरवलं आणि परत वर चढला. तरी मंडळ त्याला मानायचं, ते एकाच गोष्टीसाठी. लढाईची मांडणी तो करायचा.

आता कुणी म्हणेल, यात मांडणी कसली आलीय? ठेवा विमानं समोरासमोर आणि घाला मारामारी. पण तसं केलं की जो आधी वर चढला तो जिंकला आणि बाकीच्यांनी दुपारभर टाळ्या वाजवायच्या. मांडणी म्हणजे कुणाला विमानं जास्त, कुणाला उंची जास्त, कुणाला कुठून सोडायचं आणि कुणी काय केलं की जिंकलं, हे सगळं असं बसवायचं, की डाव सुरू होताना दोघांनाही आपण जिंकणार असं वाटावं आणि मधी दोघांनाही आपण मेलो असं वाटावं. कवळीचंही तसंच असतं. एका बाजूला केसाएवढी उंच राहिली की दुसरी बाजू उचलते आणि म्हातारा जेवताना टकटक वाजतो.

आणि मांडणी तोलात उतरली हे ओळखायची त्याची एक खूण होती. शिव्या. दोन्ही बाजूंनी सारख्याच शिव्या आल्या, 'त्यांच्या बाजूला झुकवलीस' असं दोघंही म्हणाले, की समजायचं, बसली. एकाच बाजूनं आल्या की चुकली.

गेल्या तीन मांडण्यांना शिव्या एकाच बाजूनं आल्या होत्या. तिन्ही वेळा हिरडीवाल्यांकडून. चहा यायच्या आत गुलाबी विमानं टेबलाखालच्या खोक्यात.

तिसऱ्या वेळी कंडक्टरनं खोक्याकडं बघितलं आणि खिशातून एक गुळगुळीत कव्हराचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. कंडक्टर बसवरचा, सुट्टे नाहीत म्हणायचा तो आवाज घरीही उतरायचा नाही त्याचा. "छापील आहे," तो म्हणाला. "शंभर मांडण्या. सगळ्या तोललेल्या. तयार. पुढच्या रविवारी शेजारगावचे येतायत. त्यांच्यापुढं आपलं हसं झालं, तर कवळ्या, मांडणी बंद तुझी. त्यानंतर पुस्तकातनं."

"म्हणजे मी काय करू?" कवळीवाल्यानं विचारलं.

"तू खेळ की."

सगळे हसले. तोही हसला. पण घरी जाताना त्याला ते 'खेळ की' रस्ताभर टोचत राहिलं. खेळायला म्हणून त्याची तिथं कुणाला गरज होती? पत्ते टाकायला तर वायरमनही चालला होता.

तर ही मांडणी शेवटची होती. दातवाल्यांची दोन जाडी विमानं टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची. एक जरी पोचलं तरी दातवाले जिंकले, दोन्ही पडली तर हिरडीवाले. आधी तो घरी मुलीबरोबर खेळून मांडणी पारखायचा. ती नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून बायकोला बसवत होता. बायको बसायची नेहमी गुलाबी बाजूला, कारण ती खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी होती आणि तिथून गॅस दिसायचा. ती जिंकली की तो गुलाबी बाजू हलकी करायचा. आधी सहा विमानं होती, ती पाच केली, चार केली, आज तीन केली. मग उंची उतरवली. आणि शेवटी एकदाची बायको एक डाव हरली, एक जिंकली, पुन्हा हरली, पुन्हा जिंकली.

"बसली!" कवळीवाला म्हणाला आणि घामेजल्या हातांनी चष्मा पुसला.

शनिवारी सकाळी गाण्याच्या बाई आल्या. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना गाणं शिकवलं होतं आणि आता त्यांची खालची कवळी ह्याच महिन्यात नवी झाली होती. ही त्यांची चौथी खेप.

"उजवीकडं उंचच आहे," बाई म्हणाल्या. "आणि 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. परवा एका मुलीला 'सावकाश' म्हटलं तर बाहेर रिक्षा थांबली."

"बसा. चावा बघू यावर." कवळीवाल्यानं त्यांच्या दातांत निळा कार्बन कागद धरला. बाई चावल्या. त्यानं कवळी काढून बघितली. निळे ठिपके सगळे उजवीकडं. त्यानं चाक सुरू केलं आणि उजवीकडचा एक दात घासला. पुन्हा चावा. पुन्हा उजवीकडं. पुन्हा घासला. असं चाललं. दाढ होती तिथं आता तांदळाचा दाणा राहिला होता, तरी ठिपका उजवीकडंच.

बायको मागं बसून एका वरच्या कवळीला पॉलिश करत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "अहो, खुर्ची फिरवा की त्यांची."

"खुर्चीचा काय संबंध?"

"बाईंचं कुत्रं बाहेर खांबाला बांधलंय. चावताना दर वेळी मान वळवून त्याच्याकडं बघतात त्या. वाकड्या मानेनं चावल्यावर उजवीकडंच लागणार."

कवळीवाल्यानं खुर्ची भिंतीकडं फिरवली. "चावा." ठिपके डावीकडं आले. सगळे. उजवीकडं आता चावायला काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे पहिल्या दिवशी बरोबर होती?" बाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर होती."

"मग तुम्ही चार खेपा काय केलंत?"

"बिघडवली," कवळीवाला म्हणाला. खोटं बोलायला त्याला तेवढ्यात काही सुचलं नाही. "सोमवारी या. नवी करून देतो. कुत्रं घरी ठेवून या."

बाई शिट्टी वाजवत गेल्या. कवळीवाला निळा कागद हातात धरून तसाच उभा. मग त्यानं हळूच मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या खुर्चीकडं बघितलं.

"तू नेहमी त्याच खुर्चीत बसतेस."

"गॅस दिसतो तिथनं."

"म्हणजे मी नेहमी तीच बाजू घासतोय." त्यानं कागद टेबलावर ठेवला. "अगं, पण तू जिंकतेस कशी? तुला तर विमानांची नावंही येत नाहीत."

"विमानांकडं कोण बघतंय? मी तुमच्याकडं बघते."

"माझ्याकडं?"

"वर जायचं असलं की तुम्ही चष्मा वर ढकलता. खाली सूर मारायचा असला की आवंढा गिळता. वळायचं असलं की आधी खांदा वळतो. आणि सरळ जायचं असलं की मुद्दाम छताकडं बघता, मला वाटावं काहीतरी भारी चाललंय म्हणून." तिनं कवळी उजेडात धरली आणि फुंकर मारली. "तुमचा पत्ता पालथा असला काय आणि उताणा असला काय, मला सारखाच."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आपले विमानं काढत बसलात."

कवळीवाला मटकन बसला. त्यानं अशी मांडणी तोलली होती, जी जगात फक्त एका जोडप्यापुढं तोलात उतरत होती. बाकी कुणीही बसलं की हिरडीवाल्यांची चटणी. आणि उद्या पाहुणे.

"ऊठ," तो म्हणाला.

"पॉलिश कोण करणार?"

"दात पळून जात नाहीत. ऊठ."

त्यानं घासताना तोंडाला लावायचा मास्क लावला. वर मोठा गॉगल चढवला. समोरासमोर बसले. पत्ते पालथे. बायकोनं त्याच्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली, "वर."

"कशावरून?"

"कान वर गेले."

त्यानं टॉवेल आणला आणि डोक्यावरून असा घेतला, की नुसता गॉगल बाहेर. बायको बघत राहिली. पहिल्यांदाच तिच्या कपाळाला आठी पडली. तिची तिन्ही विमानं एकामागून एक टेबलावरून उतरली.

"हे काय बरोबर नाही," ती म्हणाली. "माझी तीनच आहेत!"

"हेच! हेच म्हणत होते मंडळातले!" टॉवेलाच्या आत कवळीवाला आनंदानं ओरडला आणि त्यानं दातांच्या डब्यातून एक गुलाबी विमान काढून तिला दिलं.

मग खुर्च्या बदलल्या. आता गॅसकडं लक्ष द्यायचं त्याच्याकडं आलं. टॉवेलातून त्याला टेबलच नीट दिसत नव्हतं, गॅस कुठला दिसायला? दूध उतू गेलं. बायकोनं पुढचा पत्ता पालथा ठेवला. तिचं जाडं विमान टोकाला पोचत आलं होतं आणि तिला उठायचं नव्हतं. पुन्हा खुर्च्या बदलल्या. पाच विमानं दिली तर हिरडीवाले भारी, चार दिली तर हलके. मग त्यानं पाच ठेवली आणि वाटेत ढग घातले. दातावर धरायच्या कापसाच्या सुरळ्या विस्कटून टेबलाच्या मधोमध. ढगात शिरलेल्याला मारता येत नाही.

त्याच वेळी पोस्टमननं दारातून डोकं आत घातलं. टॉवेल पांघरून, गॉगल लावून बसलेला माणूस बघून तो थबकला. "काय झालं ह्यांना?"

"काही नाही," बायको पत्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळेनासे झालेत मला."

पोस्टमननं टपाल उंबऱ्यावर ठेवलं आणि पाय न वाजवता निघून गेला.

रविवारी शेजारगावचे चौघं आले. म्होरक्या त्यांचा घड्याळजी. एका डोळ्यानं बारीक बघायची सवय अशी, की माणसाकडंही तो स्क्रू सैल झालाय का, असं बघायचा. चिठ्ठ्या टाकल्या. कंडक्टरला दातवाले आले, घड्याळजीला हिरडीवाले. कंडक्टरनं छापील पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

"आज फार वेळ जायचा नाही," तो घड्याळजीला म्हणाला. "आमचा हा माणूस मांडणी करतो ती चहाच्या आत संपते."

कवळीवाला भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं आवंढा गिळला.

पहिल्या पाच चालींत घड्याळजीची दोन विमानं गेली. कंडक्टरनं कवळीवाल्याकडं बघून भुवई उडवली. कवळीवाला उरलेली गुलाबी विमानं पुन्हा मोजायला लागला. पण सहाव्या चालीत घड्याळजीनं एक विमान कापसात घुसवलं आणि दुसऱ्या बाजूनं असं काढलं, की कंडक्टरचं पहिलं जाडं सरळ त्याच्या नाकापुढं आलं. फासे. पडलं.

"ए!" कंडक्टर म्हणाला.

चहा आला. कुणी उचलला नाही. कंडक्टरनं दोन गुलाबी टिपली, घड्याळजीनं तिन्ही बारकी. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार व्हायला लागला. आता टेबलावर एक पांढरं जाडं आणि एक गुलाबी बारकं, एवढंच. जाड्याला टोक वीतभर उरलेलं. पत्ते पालथे. सगळ्यांच्या माना टेबलावर. उलटले.

जाडं पुढं सरकलं. नाक टेबलाच्या कडेबाहेर, शेपूट टेबलावर.

आणि गुलाबी त्याच्या बरोबर मागं, त्याच उंचीवर.

"पोचलं!" कंडक्टर ओरडला. "नाक बाहेर गेलं!"

"शेपूट इथंच आहे," घड्याळजी एक डोळा मिटून म्हणाला. "फासे द्या इकडं."

"कसले फासे? गाडीचं पुढचं चाक थांब्यावर लागलं की गाडी लागली!"

"आणि मागच्या दारातले उतारू रस्त्यात का? शेपूट जोवर आत तोवर मारता येतं!"

"कवळ्या, सांग ह्यांना!"

कवळीवाल्यानं वाकून नाकाकडं बघितलं. मग शेपटाकडं. सगळं त्यानं तोललं होतं, विमानं, उंची, ढग. पण अर्धं आत अर्धं बाहेर राहिलं तर काय, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"ते... ठरवलेलं नाही."

"ठरवलेलं नाही?" कंडक्टरचा आवाज खिडकीतून रस्त्यावर गेला. "मुद्दाम पाहुण्यांच्या बाजूला झुकवून ठेवलीस! आणि हे ढग कशाला घातलेस? आमच्याच वाटेत?"

"आमच्या बाजूला?" घड्याळजी तडकला. "ह्यांना पाच विमानं, त्यात दोन असली पोत्यासारखी, की मोठं दान पडल्याशिवाय मरत नाहीत. ही काय मांडणी झाली? उघड उघड घरच्यांसाठी केलेली!"

"घरच्यांसाठी? ह्यानं?"

"मग आमच्यासाठी?"

दोघंही त्याच्याकडं वळले होते आणि दोघंही एकाच पट्टीत ओरडत होते. कवळीवाला भिंतीला टेकून ऐकत होता. डावीकडून एक, उजवीकडून एक. पुन्हा डावीकडून. त्याच्या चेहऱ्यावर, ऐन पंगतीत कुणी आग्रह करून वाढावं आणि नको म्हणवू नये, तसं काहीतरी पसरत गेलं.

"हसतोस काय?" कंडक्टर गुरकावला.

"काही नाही. बोला, बोला. तुमचं राहिलं असेल तर बोला."

भांडण दमलं तेव्हा घड्याळजीनं आपला गार चहा एका घोटात संपवला आणि कप समोरच्या गुळगुळीत कव्हरावर ठेवला. "पुढच्या महिन्यात आमच्याकडं या," तो म्हणाला. "हीच मांडणी. खुर्च्या बदलून. मग बघू कोण झुकवतंय."

"हीच!" कंडक्टर म्हणाला. "आणि कवळ्या, तोवर टोकाचा नियम कर. नाकाचा! शेपटाचा नाही!"

"शेपटाचा," घड्याळजी म्हणाला.

पुस्तकाच्या कव्हरावर कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. कंडक्टरनं ते बाहीनं पुसलं आणि पुस्तक खिशात घातलं.

पाहुण्यांना बसवर सोडून परतताना कवळीवाल्याला राहवलं नाही. "मी काय म्हणतो, माझी चाल... म्हणजे वर जायचं असलं की मी चष्मा..."

"ढकलतोस," कंडक्टर म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. वायरमनलाही सांगितलं होतं आम्ही, शिडीवर चढायच्या आधी."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तुला सांगितल्यावर आम्ही हरवायचं कुणाला?"

सोमवारी सकाळी गाण्याच्या बाई कुत्रं घरी ठेवून आल्या. बायकोनं खुर्ची आधीच भिंतीकडं तोंड करून मांडली होती. कवळीवाल्यानं नव्या कवळीचं मेण दिव्यावर धरून मऊ केलं, बाईंच्या तोंडात बसवलं आणि निळा कागद घेतला.

"आज घासणार का?" बाईंनी विचारलं.

"आज आधी बघणार. चावा. भिंतीकडं बघून." त्यानं कागद काढला, उजेडात धरला, आणि पुन्हा लावला. "आता एकदा दाराकडं बघून. हं. आता खिडकीकडं."

"खिडकीत कुत्रं नाही आज."

"आहे समजा," कवळीवाला म्हणाला, चष्मा वर ढकलला, आणि वाकून तिसरा कागद बघायला लागला.

"वर," बायको मागून म्हणाली.